बारवेच्या अहवालाची दुसरी प्रत

टाइपरायटरवर वरच्या कागदाखाली, निळ्या कार्बनमागे जन्मलेली दुसरी प्रत मी. माझी अक्षरं पुसट आहेत, पण खोटी नाहीत.

मला टाइप केलं नंदाबाईनं. हैदराबादेत बी.एस्सी. होऊन ती भोकरदनजवळच्या आपल्या गावी परतली, तेव्हा दर उन्हाळ्यात निम्मं गाव नारूनं लंगडत असे. पायातून हातभर जंत बाहेर येई. आग शमवायला लोक बारवेच्या पायऱ्या उतरून पाय पाण्यात सोडत. जंताची पिल्लं पाण्यात पडत आणि तेच पाणी गाव पिई. पोटात गेलेल्या पिल्लाचा जंत होऊन पायातून निघायला वर्ष लागे. उन्हाळा सरताच नंदाबाईनं भांडून पायऱ्या भिंतीनं बंद करवल्या, वर रहाट बसवला.

मग जिल्ह्याच्या डॉक्टरसाहेबाच्या कचेरीसाठी तिनं इंग्रजीत लिहिलं : ‘हा सिद्धांत बरोबर असेल, तर आधीच पाणी प्यालेल्यांना येत्या उन्हाळ्यात नारू निघेल, त्यापुढच्या उन्हाळ्यात तो दिसू नये. दिसला, तर सिद्धांत चुकला.’

सही तिचे चुलते रामराव पाटील करणार होते.

"नंदे, ‘असेल तर’ काय? अन् चुकला म्हून आपणच लिहून द्यायचं? येडी का खुळी तू?"

"काका, सिद्धांतातून जेवढं निघतं तेवढंच लिहायचं असतं."

"साहेबाला पक्कं लागतं. दोन उन्हाळे कोण थांबून राह्यलं!"

त्यांनी कारकुनाकडून नवा कागद करवला : ‘येत्या उन्हाळ्यात नारू निश्चित नाहीसा होईल.’ चावडीवर तेच मराठीत वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ट्रंकेत गेले.

चैत्रात अठ्ठावीस जणांना नारू निघाला. माझ्यावर लिहिलं होतं, अगदी तसाच.

त्यांतलाच एक, कचरू, पहार घेऊन लंगडत बारवेवर आला. "तुमच्या कागदातला नारू गेला असंन, आमच्या पायातला न्हाई गेला!"

नंदाबाईनं मला सगळ्यांसमोर मराठी करून वाचलं.

"हे मंग मागून लिहिलं असंन, ताई," कुणीतरी म्हणालं.

"काका, सांगा ना यांना!"

रामरावांनी जोडे चढवले आणि घराची वाट धरली. मोठ्या माणसांना चूक कबूल करण्यापेक्षा गाव लंगडलेलं परवडतं.

भिंत पडली. सगळ्यांत आधी अठ्ठावीसांतल्या गोपिकाबाई उतरल्या. सुजलेला पाय पाण्यात सोडून त्यांनी सुखानं डोळे मिटले. शेजारी बायका घागरी भरत होत्या.

आता नंदाबाईनं मला चावडीच्या दारावर चिकटवलंय. खाली शाईनं मराठीत एक ओळ आहे : सिद्धांत बरोबर असेल, तर आज हे पाणी पिणाऱ्यांना पुढच्या उन्हाळ्यात नारू निघेल.

नाही निघाला, तर मला खुशाल चुलीत घाला. निघाला, तर भिंत परत बांधा.