घंटा दाबली, फोन गप्प राहिला

मी एक जुनी सेटिंगची फाइल आहे, मित्रांनो. फाइल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दोरीने बांधलेला कागदांचा गठ्ठा आला असेल. मी तशी नाही. मी संगणकात राहते, अंगाने किरकोळ आणि स्वभावाने पहिल्यापासून भित्री.

आमचा संगणक वृद्धांच्या एका निवासात, जिन्याखालच्या कोंदट खोलीत आहे. निवासातल्या प्रत्येक खाटेजवळ एक लाल बटण असते. कुणाला धाप लागली, कुणी पडले, की ते बटण दाबायचे आणि देखभाल करणाऱ्या मावशींचा फोन वाजायचा. कोणत्या खाटेसाठी कोणाचा फोन वाजवायचा, हे माझ्यात लिहिलेले असते. प्रत्यक्ष फोन वाजवतो तो प्रोग्राम, आणि तो कंटेनरमध्ये राहतो. कंटेनर म्हणजे झाकणबंद डबा समजा. नवी आवृत्ती आली की जुना डबा उचलून टाकतात आणि नवा ठेवतात. मी डब्याबाहेर असते, म्हणून टिकते. किती डबे आले नि गेले, मी आपली जागच्या जागी.

ज्यांनी मला लिहिले, त्यांनी नोकरी सोडताना माझ्या डोक्यावर एक ओळ लिहून ठेवली: 'चालतंय, हात लावू नका.' त्यांच्या जागी आलेल्या संगणकवाल्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंनी ती ओळ वाचली आणि मला दुरूनच नमस्कार केला. "ही फाइल म्हणजे सोनं आहे सोनं," ते सिस्टरना सांगायचे, "आजवर कधी त्रास नाही दिला." मला ते ऐकून बरे वाटायचे. कुणी मला उघडून एखादे चिन्ह इकडचे तिकडे केले तर काय, या धास्तीने मी अर्धी व्हायचे. कुणी उघडत नाही यातच आपले भले आहे, असे मी धरून चालले होते.

मग एका सकाळी नवा डबा आला. त्याने मला वाचायला घेतले आणि माझ्या काळजात धस्स झाले. तो वाचत होता, पण घेत काहीच नव्हता. त्याला तीच माहिती वेगळ्या मांडणीत हवी होती. आधी मजला, मजल्याखाली खोली, खोलीखाली फोन. माझ्यात मजलाच नव्हता. 'चुकलंय' म्हणून त्याने आरडाओरडा केला असता तरी चालले असते. तो गप्प राहिला आणि सगळ्या घंटा स्वतःच्या मनाने कचेरीतल्या पडद्यावर पाठवू लागला. वर 'सगळे ठीक' सांगणारा हिरवा दिवाही लागला. नव्या मांडणीची नमुना फाइल डब्यासोबत आली होती. भाऊंनी ती उघडलीही नाही. "झालं बघा सिस्टर, चुटकीसरशी!" म्हणत ते निघून गेले. मला ओरडावेसे वाटले, पण फाइलला तोंड नसते.

दुपारी निवास पेंगत होता. कचेरीला कुलूप होते. आमच्या भिंतीपलीकडे ड्रायव्हरकाकांची खोली आहे. त्यांनी उभा जन्म ट्रक चालवला, म्हणून ते बटणालाही हॉर्न म्हणतात. त्यांच्या बटणाचा संदेश आला आणि माझ्या शेजारून रिकाम्या कचेरीकडे निघून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. भिंतीतून त्यांचा घरघरता श्वास ऐकू येत होता.

"मावशी... अहो, हॉर्न देतोय मी... कुणी आहे का?"

मावशी दुसऱ्या टोकाला चादरींच्या घड्या घालत होत्या. फोन कमरेलाच होता. त्यांचा नंबर माझ्यात अगदी बरोबर लिहिलेला होता, पण तो वाचणारे कुणी नव्हते. संदेश येत राहिले, मग विरळ झाले, मग थांबले. ते थांबले तेव्हा मी जितकी घाबरले, तितकी कधीच घाबरले नव्हते.

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना जाग आली म्हणून बरे. त्यांना उठता येत नाही. त्यांनी स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर बडव बडव बडवला. मावशी धावल्या, डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला आणि काका वाचले. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." असे म्हणत डॉक्टरांनी पुन्हा नाडी पाहिली.

सिस्टरनी मावशींना फैलावर घेतले. "फोन कुठे टाकला होता?"

"कमरेलाच होता हो! वाजलाच नाही, लेकरांची शपथ," मावशी रडू लागल्या.

भाऊंनी आधी वायरला दोष दिला, मग बॅटरीला. मग त्यांना सकाळचा नवा डबा आठवला. त्यांनी ती नमुना फाइल माझ्याशेजारी उघडली आणि एकेक ओळ ताडून पाहिली. "मजलाच नाही इथे," ते पुटपुटले. त्यांनी मला नव्या मांडणीत लिहिले आणि मग खाटेखाटेपाशी जाऊन प्रत्येक बटण स्वतः दाबले. हे त्यांनी सकाळी केले असते तर!

मित्रांनो, नवा डबा आणाल तेव्हा माझ्यासारखीला एकदा उघडून वाचा. आम्ही जुन्या झालो हे आम्हाला सांगता येत नाही. आणि हिरव्या दिव्यावर विसंबून राहू नका.

काका आता बरे आहेत. पण दुपारी सगळे झोपले की ते उगाचच बटण दाबतात. मावशी हातातले काम टाकून येतात.

"काय हवंय काका?"

"काही नाही हो. येता का, ते बघत होतो."

मावशी चिडत नाहीत. जरा वेळ खाटेशी बसतात. बटण दाबल्यापासून फोन वाजेपर्यंत मध्ये एक क्षण जातो. त्या क्षणी भिंतीच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघेही घाबरलेले असतो.