बशी ॲक्रनला, झाकण इथे

मी एक जुनं झाकण आहे, लोण्याच्या बशीवरचं, गुलाबी काचेचं. मित्रांनो, झाकणाला एकट्यानं काही करता येत नाही. कप एकटा असला तरी त्यातून कॉफी पिता येते, ताटली एकटी असली तरी तिच्यात चार बिस्किटं मांडता येतात. झाकण मात्र खाली बशी नसेल तर नुसतं उपडं पडून राहतं. मी तसा फार वर्षं राहिलो.

माझा जन्म अमेरिकेत, ओहायो नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. तापलेल्या काचेचा गोळा साच्यात पडला, वरून दाब आला आणि मी गुलाबाच्या वेलाची नक्षी अंगावर घेऊनच बाहेर पडलो. ते दिवस मंदीचे होते. खाणी बंद होत्या, माणसं घरी बसली होती आणि भांडी विकत घ्यायला कुणाकडे पैसा नव्हता. म्हणून गावच्या थिएटरचा मालक बुधवारी तिकिटाबरोबर एकेक भांडं फुकट द्यायचा. अंधारात कुणाच्या मांडीवरून ताटली घसरून खळकन फुटली, की सगळं थिएटर टाळ्या पिटायचं.

पण मालक होता पक्का. एका बुधवारी तो बशी द्यायचा आणि तिचं झाकण पुढच्या बुधवारी. पुढच्या वेळी आला नाहीत, तर बसा बोडकी बशी घेऊन. एफी क्रॅबट्री या खाणकामगाराच्या बायकोला बशी मिळाली होती. झाकणाच्या बुधवारी तिला ताप होता आणि बाहेर बर्फ पडत होता. तरी ती आपल्या दोन्ही मुलींना, ओपल आणि वर्नाला, घेऊन आलीच. मला कोटाच्या आत धरून तिनं घरी नेलं आणि बशीवर ठेवलं. मी अगदी नेमका बसलो.

माझे खरे सुखाचे दिवस ते. लोणी परवडत नसे तेव्हा एफी माझ्याखाली डुकराची चरबी ठेवायची, पण मला पुसायची ती थेट राणीच्या मेजावर ठेवायचं असल्यासारखी. रोज सकाळी कुणाचा ना कुणाचा हात माझ्या मुठीवर यायचा.

पुढे एफी गेली. आमच्याकडे आईच्या मागे भांडी वाटतात ती पाळीपाळीनं, एक तू उचल, एक मी. दोघी बहिणी तशा बसल्या. सगळं उचलून झालं आणि शेवटी मेजावर आम्हीच उरलो.

"माझी पाळी," दूर ॲक्रन शहरात राहणारी वर्ना म्हणाली.

"तुझीच गं. आजारपणं काढायची पाळी आली तेव्हा बरी ॲक्रनला होतीस," ओपल म्हणाली.

"कळवलं होतंस कधी? तुला एकटीलाच पुण्य कमवायचं होतं."

"मग असं कर, बशी तू ने. झाकण मी ठेवते. आई दोन बुधवार गेली होती, एकेक बुधवार वाटून घेऊ."

ओपल ते टोचायला बोलली होती. वर्नानं खरंच बशी उचलली, पर्समध्ये घातली आणि ती निघून गेली.

ओपलनं मला काचेच्या कपाटात ठेवलं. तिथं मला धूळ लागली नाही आणि हातही लागला नाही. समोर मेजावर ओपल एकटीच जेवायची. कागदात गुंडाळलेलं लोणी ती तसंच कागदावरून खायची. मला वाटायचं, आज वर्ना येईल. ओपललाही वाटत असणार, कारण गाडीचा आवाज आला की ती चमचा खाली ठेवायची. पण फोन करायचं नाव नाही. सुंभ जळला तरी पीळ जाईना.

मग आमच्यासारख्या काचेचा शौक निघाला. जी भांडी एकेकाळी फुकट वाटली, ती शोधत लोक गावोगाव हिंडू लागले. ड्वेन नावाचा एक संग्राहक घरी आला आणि मला उजेडात धरून हरखून गेला.

"बशा ढिगानं मिळतात, बाई. फुटतात ती झाकणंच. माझ्याकडे याच नक्षीची बशी आहे. जोडी लावून देतो."

"त्याची बशी ॲक्रनला आहे."

"काच ती काच. कुणाला कळणार आहे?"

"मला," ओपल म्हणाली आणि तिनं मला परत कपाटात ठेवलं. इतकं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं आणि इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

एका दुपारी खरंच दारात गाडी थांबली. उतरली ती वर्नाची मुलगी जोलीन. वर्नाला आदल्या आठवड्यात पुरलं होतं. थकलेल्या ओपलला तेवढा प्रवास झेपला नव्हता. जोलीननं टॉवेलची गुंडाळी सोडली आणि माझी बशी मेजावर ठेवली. मी तिला ओळखलंच नाही. तिचा गुलाबी रंग धुरकटला होता, वेल दिसेनासा झाला होता.

"हे काय केलंत गं?" ओपल म्हणाली.

"मी केलं, मावशी. लहान होते. आईला मदत म्हणून बशी भांडी धुण्याच्या यंत्रात घातली, पुन्हा पुन्हा. ही काच यंत्रात घालायची नसते, हे मला कुठं ठाऊक? आईनं व्हिनेगर लावलं, सोडा लावला. तो धुरकटपणा काही जाईना."

"मारलं तुला?"

"नाही. म्हणाली, ओपलला कळता कामा नये. दर ख्रिसमसला निघायची बघ. कोट घालायची, बशी उजेडात धरायची आणि पुन्हा कोट काढून ठेवायची. म्हणायची, ही घेऊन कोणत्या तोंडानं जाऊ?"

ओपलनं बशी उचलून उजेडात धरली.

"वेडी," ती म्हणाली. "मी बशीची वाट बघत होते होय?"

तिनं कपाट उघडलं, मला एप्रनच्या टोकानं पुसलं, बशीत लोणी ठेवलं आणि मला वर बसवलं. मी अजूनही नेमका बसलो. दोघींनी मक्याचा पाव खाल्ला. ओपल रडत होती आणि जोलीनच्या पावाला लोणी लावत होती.

आता मी रोज मेजावर असतो. संग्राहकांच्या लेखी आमच्या जोडीला किंमत नाही. मी लखलखीत आहे, बशी धुरकट आहे, आणि जिनं ती आणायची ती आली नाही.

मित्रांनो, आम्हाला जपा, पण कपाटात कोंडून नको. आणि कुणाची वस्तू तुमच्या हातून डागाळली असेल, तर ती तशीच घेऊन जा. दार उघडणारा आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. बशीकडे तो नंतर बघतो.