दादाची बस का अडखळते

दादाने एकतीस वर्षं बस चालवली. एकच मार्ग, चोवीस थांबे, आणि एवढ्या वर्षांत कुणाला साधा ओरखडा नाही. मग काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण दोन्ही बाजूंनी कुणी पडदे ओढत आणावेत तसं कडेचं जग बंद होत गेलं. त्याला ते कळलंही नाही. वार्षिक तपासणीत डॉक्टर कानाच्या बाजूने दिवा पुढे पुढे आणत म्हणाले, "दिसला की सांगा." दादाने सांगितलं तेव्हा दिवा जवळजवळ नाकासमोर आला होता. त्या दिवसापासून त्याच्या हातून चाक गेलं ते गेलंच.

"जे गेलं ते परत येणार नाही," डॉक्टर मला म्हणाले, "पण उरलंय ते राखता येईल. सकाळ-संध्याकाळ थेंब. एकही दिवस चुकवायचा नाही."

दादा एकटाच होता, मीही नवरा गेल्यापासून एकटी. तो माझ्याकडे राहायला आला. मी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात आहे. सकाळी सहाला हजेरी, दुपारी दोनला सुट्टी. दिवसभर ओल्या चादरी ओढायच्या, वाळल्या की घड्या घालायच्या. घरी येते तेव्हा माझीच कुणीतरी पिळून घडी घातलेली असते. त्यामुळे दादा दिवसभर काय करतो हे मी फारसं विचारत नसे. विचारायलाही त्राण लागतं.

माझी मुलगी दूरगावी नोकरीला आहे. सुट्टीत आली तेव्हा तिने तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर मामाला बसचा गेम घालून दिला. रस्ते, सिग्नल, थांबे, चढणारे-उतरणारे प्रवासी, सगळं होतं त्यात. पडदा लहान, त्यामुळे दादाच्या उरलेल्या नजरेत रस्ता बऱ्यापैकी मावायचा. तो रोज दहा वाजता बूट घालून खुर्चीत बसायचा.

"अहो मामा, बोटांनी चालवायची आहे, बूट कशाला?" मुलगी हसली होती.

"चपला घालून बस चालवतात का?" तो म्हणाला होता.

तीनेक महिने बरे गेले. मग एक दिवस मी आले तर कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला. दुसऱ्या दिवशीही. दादा खिडकीशी बसलेला, अनवाणी. मी म्हटलं, कंटाळला असेल. खरं सांगायचं तर मला जरा बरंही वाटलं. इंजिनाची घरघर बंद झाली होती आणि मला झोप हवी होती.

पंधरा दिवसांनी नवी थेंबांची बाटली आणून ठेवायला गेले तर जुनी अर्धी भरलेली. महिन्याची बाटली महिन्यात संपायला हवी.

"दादा, थेंब टाकतोस ना?"

"टाकतो की."

"मग बाटली काय रात्रीत भरते?"

मी पिशवी खाली ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसले. पाय चालतच नव्हते.

"ठके," तो म्हणाला. लहानपणापासून तो मला याच नावाने हाक मारतो. "आता समोरचंही जायला लागलंय. थेंब टाकून काय करू?"

"कशावरून?"

"बाजाराच्या वळणावर माणूस रस्ता ओलांडत असतो. दिसतो मला, चांगला दिसतो. मधेच सगळं थिजतं. पुन्हा दिसायला लागतं तेव्हा तो बसखाली असतो. चार वेळा झालं, ठके. चार माणसं मारली मी."

"दादा, तो खेळ आहे."

"माझे डोळे खरे आहेत ना?"

मी टॉवेल काढला. "चालवून दाखव."

तो नको-नको म्हणत बसला. बस निघाली. दोन थांबे नीट गेले. बाजाराचं वळण आलं आणि चित्र जागच्या जागी थांबलं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाचा काटाही थांबला. खाली कॉम्प्युटरच्या पेटीवरचा लाल दिवा मात्र वेड्यासारखा लुकलुकत होता. मग एकदम झटका बसून बस फुटपाथवर.

"पाहिलंस?" दादा म्हणाला.

"मलाही तसंच दिसलं. माझेसुद्धा डोळे गेले का?"

"माझं मन राखायला म्हणतेस."

समजावून थकले. तो ऐकेना. मग मुलीला फोन लावला.

"अगं आई, ती रॅम कमी पडतेय," ती म्हणाली. "तुझ्या घडी घालायच्या टेबलासारखं समज. टेबल लहान आणि चादरी ढीगभर. मग सारखं उठून कपाटात ठेवा, कपाटातून काढा. तेवढा वेळ काम थांबतं. गेम मध्यंतरी अपडेट झालाय, त्याचा पसारा वाढलाय. टेबल मोठं करायचं, बस्स."

माझ्या जन्मात मला कुणी काही इतकं नीट समजावलं नव्हतं. लहान टेबलाने माझी पाठ मोडली होती, मला कळणार नाही तर कुणाला?

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्यावर मोठ्या दुकानात गेले. "रॅम द्या," म्हटलं. दुकानदाराने एक चकचकीत पाकीट काढून दिलं. घरी पेटी उघडून मुलीने फोनवर सांगितलं तसं बसवायला गेले तर पाकिटातली पट्टी बसेचना. पट्टीतली खाच एकीकडे, पेटीतला खुंटा दुसरीकडे. जोर लावावा तर मोडायची भीती. दादा मागून म्हणाला, "राहू दे, ठके. नाही ते उद्योग." मला रडू आलं. पट्टीसाठी नव्हे. सकाळी साडेचारपासून मी उभी होते.

तरी गेले. आधीची जुनी पट्टी काढून कागदात गुंडाळली आणि गल्लीच्या टोकाच्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. पन्नाशीचा माणूस, नाकावर चष्मा, टेबलावर उघड्या पोटाचे चार कॉम्प्युटर. त्याने दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या.

"ताई, ही नवी पिढी आणि ही जुनी. यांचं जमायचं नाही. घरोघरी हेच, नाही का?" त्याने खण ओढला आणि जुन्या मशीनमधून काढलेल्या पट्ट्या चाळू लागला. एक निवडून माझ्या हातात दिली. "ही दुप्पट मोठी. तुमची चार जीबीची आणि ही आठ, बारा झाले. बसवायच्या आधी पेटीचा पत्रा हाताने धरा. अंगातली वीज उतरली पाहिजे."

"ते माहीत आहे," मी म्हटलं. वाळवणीच्या यंत्रातून चादरी काढताना रोज चटके खाते मी.

"आणि एक सांगतो. गेम अडखळायचा थांबेल. पण जुन्या घोड्याला शर्यतीत नेऊ नका. गेममधला चित्राचा थाट, म्हणजे ग्राफिक्स, कमी ठेवा."

रविवारी दुपारी पेटी पुन्हा उघडली. पत्रा धरला. दोन्ही पट्ट्या खटकन बसल्या. बटण दाबलं तर पडदा काळा आणि आतून लांब पिपाणी. तीनदा दाबलं, तीनदा पिपाणी. दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"खोडरबर आहे का घरात? पट्टीची सोनेरी कडा हलक्या हाताने पुसा. जुना माल आहे, मळ बसतो."

मुलीच्या शाळेच्या कंपासपेटीत रबर सापडलं. पुसलं, फुंकर मारली, परत बसवलं. या वेळी एकच छोटी पिपाणी आणि पडदा उजळला. दादा दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही, एवढी दमले होते. फक्त खुर्ची पुढे केली.

तो बसला. पहिला थांबा, दुसरा थांबा. बाजाराचं वळण. माणूस रस्त्यात उतरला, चालत राहिला, पलीकडे गेला. घड्याळाचा काटा एकदाही थांबला नाही. दादाने बस थांबवून धरली होती. तो माणूस केव्हाच गेला तरी थांबवून धरली होती.

"गेला तो?" त्याने विचारलं.

"गेला. चालत गेला."

त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मग बस काढली, आणि पुढच्याच चौकात डावीकडचा खांब धाडकन उडवला. चित्र थिजलं नव्हतं. खांब पडद्यावर आधीपासून उभा होता, अगदी कडेला. मी तो पाहत होते.

मला वाटलं, संपलं. आगीतून निघून फुफाट्यात पडलो.

"हे मात्र माझं," दादा सावकाश म्हणाला. "ते मशीनचं होतं. हे माझं." आवाजात रडगाणं नव्हतं. डेपोत गाडी लावून बिघाड सांगताना बोलायचा तसा बोलला.

मग तो उठला आणि खुर्ची मागे ओढली. बसून पाहिलं. आणखी हातभर मागे. मान न वळवता पडद्याच्या दोन्ही कडा दिसतात का ते बोट दाखवून तपासत राहिला. तार पुरेना म्हणून मी कीबोर्डखाली स्टूल सरकवलं, पेटी थोडी पुढे घेतली. शेवटी तो जवळजवळ दाराशी जाऊन बसला.

"आता आहे. सगळा रस्ता आहे," तो म्हणाला. "अक्षरं बारीक झाली, पण थांबे मला पाठ झालेत."

"आणि थेंब?"

"आण. टाक."

दोन थेंब गालावर गेले, तिसरा डोळ्यात. तो डोळे मिटून पाच मिनिटं बसला आणि मग बूट शोधायला लागला.

मी आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले. पाठ टेकताच कण्हावंसं वाटलं. सोमवार उद्यावर आला होता, चादरी वाट पाहत होत्या. बाहेर इंजिन घरघरलं, दार फुस्स करून उघडलं, आणि दादा कुणाला तरी म्हणाला, "पुढे सरका, पुढे सरका. आत भरपूर जागा आहे."