मालनबाईचा नवा जबडा

बाळकुममध्ये मालनबाईच्या धवल्यांशिवाय कुणाला हळद लागत नसे. लग्नातली ही गाणी म्हणणाऱ्या धवलारणी आता उरल्यात किती, आणि उरल्यात त्यांतल्या निम्म्या माईक दिसला की खोकतात. मालनबाईचा गळा मात्र अजून खणखणीत होता. मिशरीने घात केला. खालच्या जबड्यात कॅन्सर निघाला.

माजिवड्याजवळच्या हॉस्पिटलात डॉक्टर प्रीतीने तिला सगळं समजावलं होतं. जबड्याचं खराब हाड काढायचं आणि पायातलं बारीक हाड घेऊन नवा जबडा घडवायचा. स्कॅनवरून प्लॅस्टिकचा साचाही तयार होता. तो हाडावर बसवायचा, रेघा मारायच्या आणि रेघांवर कापायचं. तारीख ठरली. पण वैशाखातल्या लग्नांच्या सुपाऱ्या मालनबाईने आधीच घेतलेल्या, आणि सुपारी घेतलेली धवलारीण मागे फिरत नाही. बाई गायब झाली ती लग्नसराई आटोपूनच उगवली. प्रीती भयंकर चिडली. पण चिडून काय उपयोग, गाठ थोडीच कुणाच्या रागाला भिते?

भूल देण्याआधी बाईने तिचा हात धरला. "हाड पायजे तवरं काप, पोरी. पन जीभ ठेव माजी."

जबडा उघडला. मधल्या काळात गाठ वाढली होती. साच्याची रेघ थेट गाठीतून जात होती, आणि गाठ जिभेत शिरली होती. ठरल्या जागी थांबावं तर जीभ राहील, बाई राहणार नाही. तिने साचा बाजूला ठेवला. अर्धी जीभ गेली.

आता हाड तरी चुकू द्यायचं नाही, एवढंच तिच्या हाती होतं. ओल्या हाडावर शाई पसरून रेघ जाड होते, म्हणून तिने पायातून घेतलेलं हाड टिपून कोरडं केलं आणि निर्जंतुक केलेल्या शिसपेन्सिलीने रेघा मारल्या. करवतीच्या पात्याची जाडीसुद्धा हिशेबात धरली. मोजलं, पुसलं, पुन्हा मोजलं. तुकडे नेमके जुळले. मास्कच्या आत ती रडत होती.

तुळशीच्या लग्नानंतर मालनबाई तपासणीला आली. बरोबर नवरा काळुराम होता. हनुवटी सरळ, गाल भरलेला. ऑपरेशन झालंय हे सांगूनही पटलं नसतं. प्रीतीला बरं वाटलं. हनुवटीवरून बोट फिरवत तिने विचारलं, आता कसं वाटतंय.

मालनबाई काहीतरी बोलली. प्रीतीला एक अक्षर कळलं नाही. काळुरामला आता तिचं बोलणं कळायला लागलं होतं. तो खाली बघत म्हणाला, "लोकं सुपारी घेऊन दारात येतात, मॅडम. चेहरा बगतात, त्यांना वाटतं बाई बरी झाली. ही मान हलवून नको म्हनते, तर म्हनतात हिला भाव चढला." तो थांबला. "ती म्हनते, तोंड वाकडं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. कोन आलंच नसतं."

प्रीतीचं बोट अजून हनुवटीवरच होतं. जोड कुठेच हाताला लागत नव्हता.