एलरगार्थचे एलरगार्थ

एलरगार्थ आडनावाची माणसं आज जगात कुठं कुठं आहेत, याचा नकाशा एलरगार्थांचा मेळावा भरवणाऱ्या डेस्मंडनं गावच्या सभागृहात टांगला होता. ब्रॅडफर्डवर टाचण्यांची दाटी. गिरण्या निघाल्या तेव्हा निम्मं खोरं तिकडं गेलं होतं. कॅनडात बऱ्याच, न्यूझीलंडात मूठभर. आणि यॉर्कशरच्या ज्या खोऱ्यातल्या एलरगार्थ शेतावरून हे आडनाव निघालं, तिथं एकच टाचणी. ती बेरिल.

बेरिलला टाचणीचं कौतुक नव्हतं, तिला शेताला वारस हवा होता. गुडघे गेलेले, मूलबाळ नाही. शेत विकत घ्यायला नील टॅटरसॉल तयार होता; तिच्या मेंढ्या तोच राखायचा. पण तो एलरगार्थ नव्हता, वर लँकेशरचा, म्हणजे यॉर्कशरच्या पिढीजात वैऱ्यांतला. "डोंगरापलीकडच्याला शेत दिलं तर आजोबांना काय तोंड दाखवू?" असं म्हणून तिनं नकार दिला होता आणि आज या मेळाव्यात आपल्या रक्ताचा माणूस हेरायला आली होती.

हेरणी लवकर आटोपली. टोरांटोवाल्याला शेताचे फोटो हवे होते, शेत नको. ब्रॅडफर्डची मार्जोरी म्हणाली, "अगं बाई, मला घरातलं मांजर सोसत नाही, मेंढ्या काय सोसणार!"

चहा-केक झाल्यावर डेस्मंड उठला. रक्ताचं नातं बघायला त्यानं सगळ्यांची लाळ तपासायला धाडली होती. आयुष्यभर विमा विकलेला माणूस. चेहरा हप्ता बुडाल्यासारखा.

"आपण एका रक्ताचे नाही. चार वेगळी घराणी निघाली. बेरिलताईंचं तर कुणाशीच जुळत नाही."

"कुणाच्या तरी आजीनं शेण खाल्लं म्हणायचं," मार्जोरी पुटपुटली.

बेरिलला हसू फुटलं. "आजीला कशाला बोल? शहरात जाऊन खोऱ्याची रीत विसरलात. इथं माणसाला शेताच्या नावानं हाक मारतात. शेत कसणारं एक कूळ गेलं, दुसरं आलं, की त्यालाही एलरगार्थच म्हणायचे. चर्चच्या वहीत पाद्रीही तेच लिहायचा. शेवटी आलो ते आम्ही..."

बोलता बोलता ती थबकली. मेंढ्यांचंही हेच. शेत विकलं तरी कळप तिथंच राहतो, कारण आईमागं फिरून त्याला आपला डोंगर पाठ झालेला असतो. ज्या आजोबांचं नाव पुढं करून तिनं नीलला नाकारलं, त्यांचाही कुणी पूर्वज परका म्हणूनच फाटकाशी आला असणार. आणि कुणीतरी त्याला आत घेतलं असणार.

ती बाहेर आली. नील पाहुण्यांच्या गाड्या लावून देत होता. "ए एलरगार्थ, ती निळी मागं घे!" पबवाला ओरडला. नीलनं मान न वळवता हात केला. या हाकेनं बेरिलच्या कपाळाला नेहमी आठी पडायची. आज पडली नाही.

"नील, सोमवारी वकिलाकडं जायचंय."

"का काकू? काढून टाकताय मला?"

"शेत घे. मेंढ्यांच्या लोकरीवरचा शेताच्या खुणेचा शिक्का तेवढा बदलायचा नाही. तांबडाच."

नीलनं हात पँटला पुसले. मग म्हणाला, "आणि माझ्या लँकेशरचं काय?"

"तुला विसरणं जमायचं नाही. तुझी पोरं विसरतील."