दोन पक्षांची एकच शाल

मित्रांनो, मी एक जुनी शाल आहे. थंडीची नव्हे, सत्काराची. थंडीची शाल माणूस स्वतः ओढून घेतो. सत्काराची शाल दुसराच कुणी घालतो आणि फोटो निघाला की काढून घेतो.

कारखान्यात विणली गेले तेव्हा वाटायचं, एखाद्या म्हातारीच्या अंगावर पडू, तिचा हिवाळा काढू. पण वाशिमच्या दुकानातून मला उचललं हेमसिंगने. हेमसिंग एका साहेबांचा कार्यकर्ता. हार आणणं, खुर्च्या मांडणं आणि शाली सांभाळणं हे त्याचं काम. माझं आयुष्य त्याच्या पिशवीत, नारळाच्या शेजारी गेलं. सभा भर उन्हाळ्यात. ज्याच्या खांद्यावर मी पडायचे तो घामाने निथळायचा आणि तरी हसायचा. कार्यक्रम आटोपला की हेमसिंग माझी घडी घालून पिशवीत टाकायचा, पुढच्या गावासाठी. हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नसे. एकदा काठाला उदबत्ती टेकून भोक पडलं. तेव्हापासून तो काठ आत दुमडायचा, एवढंच.

मग पल्लवी आली. मेडशीच्या अलीकडच्या एका खेड्यातली, बारावीतली पोरगी. मुलींना तालुक्याच्या कॉलेजात नेणारी सकाळची बस बंद झाली, तेव्हा ती आणि तिची मैत्रीण प्रियदर्शनी रस्ता अडवून बसल्या. कुणीतरी मोबाइलवर टिपलं. त्यात पल्लवीच तेवढी नीट दिसली आणि घरोघरी पोचली.

साहेबांनी लगेच तिचा सत्कार ठेवला. त्याआधी मंचामागे एक टीव्ही वाहिनीवाला तिला म्हणाला, "तेव्हा रडली होतीस ना? ते जरा पुन्हा सांग."

"मी रडली नव्हती," पल्लवी म्हणाली. "मी बस मागतली होती."

संध्याकाळी बातमी आली म्हणे, 'रणरागिणीचे अश्रू'.

तिचे खांदे लहान. मी सारखी घसरत होते. फोटोवाल्यासाठी साहेबांनी मला पुन्हा पुन्हा घातलं. तिने माईक धरून बसचा विषय काढला, तोच हेमसिंग कानाशी आला. "बसचं मंग बोलजो. आधी साहेबाइबद्दल दोन शब्द बोल."

ती बोलली. टाळ्या पडल्या. बस सुरू करून देऊ, असं साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. त्या शब्दावर ती पुढच्या सभेला गेली, मग त्याच्या पुढच्या. तिला न्यायला दारात गाडी येऊ लागली. कॉलेज बुडू लागलं. मोबाइलवर काहीजण तिच्याबद्दल घाणेरडं लिहू लागले. मी मात्र रोज संध्याकाळी पिशवीत परत.

निवडणुकीच्या तोंडावर हेमसिंगने पक्ष बदलला. पिशवी त्याचीच, म्हणून मीही बदलले. मला कोण विचारतो? जऊळक्याला नव्या साहेबांची सभा झाली आणि सत्कार पुन्हा पल्लवीचाच. याही साहेबांनी बसचा शब्द दिला होता, म्हणून ती आली होती. घडी उलगडली आणि तिचं बोट माझ्या भोकावर पडलं.

"हे तं तेच शाल व्हय," ती म्हणाली.

"शाल तेच असन, पक्ष नवा हाये," हेमसिंग हसला.

"अन् बस?"

हेमसिंग नारळ शोधू लागला. खाली तिचा बाप देवमन उभा होता. दुसऱ्याच्या शेतात राबणारा साधा माणूस. मंचाजवळ येऊन म्हणाला, "भाऊ, माह्या पोरीले कॉलेजात जायाचं होतं. तुमी तिले रोज गाडीत नेता, पण कॉलेजात काही नेत नाही."

त्या दिवशी पल्लवीने मला परत दिलं नाही. हेमसिंगनेही मागितलं नाही.

निवडणूक संपली. गाड्या यायच्या थांबल्या. मोबाइलवर घाणेरडं लिहिणारे मात्र थांबले नाहीत. हजेरी कमी भरली. आता पल्लवी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देणार आहे. प्रियदर्शनीचं तर शिक्षणच सुटलं, लग्न ठरलं. जाताना ती एवढंच बोलली, "तुह्यं बरं झालं. तू टीव्हीवर तरी आली." पल्लवी मला तोंडाशी धरून खूप वेळ बसली. मित्रांनो, इतक्या खांद्यांवर फिरले, पण आसवांनी मी पहिल्यांदा ओली झाले ती त्या दिवशी. मला फार वाईट वाटलं.

परवा तो वाहिनीवाला पुन्हा दारात आला. "आता ती काय करते, असा कार्यक्रम आहे. ती शाल घेऊन उंबऱ्यावर बस. जरा उदास."

पल्लवी आतूनच म्हणाली, "बस सुरू झाल्यावर या. मंग बसचा फोटो काढा."

मी आता थकले आहे. सकाळी पल्लवी मला पांघरून अभ्यासाला बसते. एवढी ऊब मला पुरे आहे. तुम्ही मोठे व्हाल, मंचावर बसाल, कॅमेरे धराल. तेव्हा माझं एक ऐका. पोरीला थंडी वाजत असेल तर शाल द्या. तिने बस मागितली असेल, तर बस द्या.