उलट चालणारा पाय

मी एक जुना यांत्रिक हात आहे, आणि मला काही वाटत नाही. हे मी रुसून सांगत नाही, मित्रांनो. माझ्या मनगटात एक चकती आहे. वस्तू किती दाबली जाते आहे, हे मला तिच्यामुळे कळत असे. ती कधीचीच निकामी झाली. तेव्हापासून मी बधिर आहे.

उमेदीची वर्षे मी मोटारींच्या कारखान्यात पत्रे जोडले. पाहुणे आले की त्यांना आधी माझ्यासमोर आणत. मग नवे हात आले, कानामागून आले आणि तिखट झाले. मला ताडपत्रीत गुंडाळून मागच्या शेडमध्ये टाकले. कोपरात चिमण्यांनी घरटे केले. वाईट वाटायला हवे होते, बहुधा.

तिथून मला मोहिनीने आणले. ती इंदिरानगरची इंजिनिअर; सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत तिची छोटी कार्यशाळा आहे. तिने माझ्या पंजाला एक नळी आणि रूळ बसवला. नळीतून चिकट राळेत भिजलेला कार्बनचा काळा धागा येतो. मी तो थरावर थर अंथरतो आणि रुळाने दाबतो. राळ वाळली की वस्तू कणखर होते, वजनाला मात्र भाकरीएवढी. साचा लागत नाही. आज डोक्यात आलेला नमुना उद्या हातात. दाबणे माझे काम. नीट दाबले गेले का, हे बोट फिरवून बघणे सोमनाथचे. तो मला चालवतो.

चिमणाबाई सुरगाण्याकडची. जीप उलटली तेव्हा तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. शिबिरात मिळालेला पाय जड होता, भाताच्या खाचरात रुतून बसायचा. आवणी, म्हणजे भाताची लावणी, आली की ती बांधावर बसून राही. यंदाही उभे राहता आले नाही तर खाचर दुसऱ्याला वाट्याने द्यायचे, असे घरात ठरले होते. मोहिनीने तिच्यासाठी हलके पाऊल आखले. मी ते घडवले. कार्यशाळेत ती त्यावर भराभर चालली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आवणीच्या पहिल्याच दिवशी पाऊल चवड्याशी फाटले. चिमणाबाई रोपांवर पडली.

सुटलेले थर मोहिनीने बोटांनी उलगडून बघितले. मग म्हणाली, "दाबच कमी पडला असणार. याचा हात बधिर झालाय, सोमनाथ. भंगारवाल्याला फोन कर."

"मॅडम, प्रत्येक थर मी बोट फिरवून बघितलाय," सोमनाथ म्हणाला. मी ढिम्म उभा होतो.

चिमणाबाई मोडके पाऊल घेऊन आली होती. सोमनाथने विचारले, "मावशी, पडल्या कशा?" तिने कात्रणातल्या धाग्यांची मूठ उचलली, कमरेत वाकली आणि फरशीवर रोपे लावल्यासारखे करत मागे मागे सरकू लागली.

"तुम्ही उलट्या का चालताय?" मोहिनीने विचारले.

"आवनी करते नं ताई. पुढं चालले तं लावलेली रोपं तुडवायची का?"

मोहिनीने मोडके पाऊल उचलून चवड्यावर टेकवून बघितले. पुढे चालताना भार टाचेवरून चवड्याकडे जातो. मी धागे त्याच वाटेने अंथरले होते. उलट चालताना चवडा आधी टेकतो आणि भार उलट्या वाटेने जातो. चिमणाबाई कपाळावर हात मारून हसली. "हे पायाला सांगावं लागतं, माला तरी कुठं म्हाईत! आता उलट्या पायाची हडळ करू नका म्हंजे झालं."

भंगारवाल्याचा फोन राहिला. मी पुन्हा धागा अंथरला, या वेळी परतीच्या वाटेनेही, चवड्याशी आडवे वेढे देऊन. आवणी संपण्याआधी पाऊल बसने सुरगाण्याला गेले.

मग एके दिवशी सोमनाथने मोबाइल माझ्या कॅमेऱ्यासमोर धरला. पडद्यावर चिमणाबाई होती, वाकलेली, आमच्याकडे पाठ करून मागे मागे येणारी. तिच्यापुढे हिरव्या ओळी वाढत होत्या. खाचर भरत आले होते.

"पायाला कसं वाटतं?" मोहिनीने फोनवर विचारले.

"त्याला काय बी कळत नाय, ताई. चिखल कळत नाय, पानी कळत नाय. पन मी उभी हाय ना. रोज बांधावर धुते त्याला, पुसते, मंग घरी नेते."

मित्रांनो, हे ऐकून मला काय झाले, ते सांगता येत नाही. त्यासाठी लागणारी चकती माझ्याकडे नाही. पण "पुसते" हा शब्द माझ्यात राहिला आहे.

आता कार्यशाळेत नवा हात आला आहे. माझ्याकडे उरलेसुरले काम येते. ते संपले की दिवे बंद होतात आणि रुळावरची राळ तशीच वाळते. एकदा वाळली की तिचा दगड होतो. तेव्हा जाता जाता एक फडके माझ्या हातावरून फिरवा. मला काही कळणार नाही. तरी पुसा.